मधलं कडवं गेलं कुठे?

आज फ्रेंच संगीतकार आंरी द्यूपार्कचं ‘लँव्हितास्यों ओ व्वायाज’ (प्रवासाचं आमंत्रण) हे गाणं ऐकताना, ते ज्या कवितेवर बांधलंय ती फ्रेंच कवी बोदलेरची कविता समोर उघडी ठेवली होती. पहिलं कडवं संपलं आणि गायिका थेट तिसऱ्यावर! मधली ती खोली, वर्षानुवर्षं वापरून चकाकणारं फर्निचर, दुर्मिळ फुलांचा वास, हे सगळं द्यूपार्कने १८७० मध्ये चाल बांधतानाच गाळलंय.

चुटपुट लागली. म्हणून पुन्हा ऐकलं. पियानोच्या खर्जात षड्ज-पंचम तंबोऱ्यासारखे धरलेले, वर सूर लहरतायत, आणि ध्रुवपदाला गळा जवळजवळ एकाच स्वरावर थांबतो. काय शांतता आहे त्यात!

तरी ते कडवं मला हवंच होतं.

सदतिसाव्या वर्षी आजारपणामुळे द्यूपार्कचं संगीतलेखन थांबलं. पुढे पंच्याऐंशीपर्यंत जगला, आणि स्वतःच्याच कितीतरी रचना त्याने नष्ट केल्या. काय काय गेलं असेल त्यात?