१,६९० ला न घेतलेलं सोनं

९ ऑगस्ट २०२१, सोमवार. जपान आणि सिंगापूर दोन्हीकडे सुट्टी, त्यामुळे आशियातला बाजार उघडला तोच ओस. त्याआधीच्या शुक्रवारी अमेरिकेचे रोजगाराचे आकडे आले होते: जुलैत ९ लाख ४३ हजार नोकऱ्या वाढल्या. डॉलर वधारला आणि सोनं औंसाला १,८०० डॉलरवरून १,७६० च्या आसपास येऊन थांबलं. सोमवारी काही मिनिटांतच ते १,६९० च्या घरात गेलं.

सोनं घ्यायचं की नाही, हे सांगणं माझं काम नाही. किती घ्यायचं आणि अंदाज फसला तर कुठे बाहेर पडायचं, एवढंच मी ठरवतो. चार्टवरून मला एकच भाव हवा असतो, जिथे आपला अंदाज खोटा ठरतो तो. पुढे सगळा भागाकार. आमची खरेदी १,७८८ ची होती. स्टॉप लॉस, म्हणजे भाव तिथे आला की आपोआप विकायचं, तो १,७४८ ला, जूनअखेरच्या तळाच्या जरा खाली. अंतर ४० डॉलर. खात्यात एक लाख डॉलर, एका सौद्यात धोका एक टक्का, म्हणजे हजार डॉलर. त्याला ४० ने भागलं, म्हणून २५ औंस. (हा भागाकार करायचा ज्यांना कंटाळा येतो, ते स्वतःला दीर्घकालीन गुंतवणूकदार म्हणवतात.)

अडचण अशी की त्या तळाखाली जगातल्या निम्म्या लोकांचे स्टॉप लागलेले असावेत. ओस बाजारात ते एकदम सुटले आणि समोर घेणाराच नव्हता. आमचा सौदा १,७४८ ला नाही, १,७३६ ला कटला. हजाराचा तोटा तेराशेवर गेला.

तेवढ्यात चार्ट बघणारा सहकारी खुर्ची ओढून आला. "१,६९५ ला घेऊ. मार्चमध्ये १,६७७ च्या आसपास दोनदा टेकून वर आलंय. स्टॉप १,६७५. वीस डॉलर अंतर, पन्नास औंस."

मी नाही म्हटलं. आत्ताच स्टॉप बारा डॉलर घसरलाय, स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर, क्षणाक्षणाला पसरतोय. अशा वेळी वीसचं अंतर वीस राहत नाही. शिवाय १५ एप्रिल २०१३ माझ्या डोक्यात होता. दोनच दिवसांत मोठा सपोर्ट, म्हणजे भाव जिथे टेकून वर येतो ती पातळी, मोडून सोनं कोसळलं, 'स्वस्त मिळतंय' म्हणून अनेकांनी उचललं, आणि त्या डिसेंबरात भाव १,२०० च्या खाली गेला.

"दिवसाची कँडल बंद होऊ दे," म्हणालो. म्हणजे दिवसाचा शेवटचा भाव कळू दे.

"तोवर भाव थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

नाही थांबला. दिवस १,७३० च्या आसपास बंद झाला, चार्टवर खाली लांबलचक शॅडो, म्हणजे खाली जाऊन भाव परत आल्याची रेघ. मग आम्ही घेतलं, स्टॉप तोच १,६७५. अंतर ५५, म्हणून फक्त १८ औंस. सप्टेंबरच्या सुरुवातीला भाव १,८३० ला आला तेव्हा हातात नफ्याचे १,८०० डॉलर होते. सहकाऱ्याच्या हिशोबाने ६,७५० झाले असते. १,६९० नंतर दिसलं ते थेट जुलै २०२२ मध्ये.

आता आमच्या तक्त्यात स्लिपेजचा, म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातल्या फरकाचा, वेगळा रकाना आहे. तो पाहून सहकाऱ्याने शांतपणे मांडलं: वीसमध्ये तुझे बारा मिळव, बत्तीस. एकतीस औंस तर तुझ्याच नियमात बसत होते. मी म्हटलं, पुढच्या वेळी बाराच घसरेल हे त्या क्षणी कोण सांगणार होतं? त्यावर तो म्हणाला, मग रकान्यात बारा का लिहिलेस?