कोणाचं उपरणं

समोरच्या प्लॉटवर स्लॅबचं काम चाललंय. मिक्सरच्या घरघरीत दुपारची झोप कुठली लागायला, म्हणून गॅलरीत येऊन बसलो. घमेली वाहणाऱ्या एका बाईच्या डोक्यावरच्या चुंबळीतून घड्याळाचे काटे डोकावत होते. तिच्यामागच्या पोरीच्या चुंबळीत तुतारी. मिस्त्रीच्या खांद्यावर कमळ, घाम पुसायला.

"मावशी, हे कोणत्या सभेतलं हो?"

"कुणाला ठावं. घरी दोन-तीन हायती. आज ह्ये धुतलेलं घावलं."

सभेतल्या उपरण्यांवर माझा जुना राग आहे. ती पाणी शोषतच नाहीत, नुसतं इकडचं तिकडं करतात. फरशी पुसायलासुद्धा निरुपयोगी. चुंबळीला बरी असावीत.

आमच्याकडे सालगडी होते, तात्या. त्यांना पक्षाचं नाव कळायचं नाही, चित्र कळायचं. बरीच वर्षं बैलजोडीवर शिक्का मारला. पण १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडून बीडमधून लोकसभेला उभे राहिले, निवडूनही आले. तेव्हा तात्यांनी विळा-कणसावर शिक्का मारला आणि घरी येऊन आजोबांना सांगूनही टाकलं. आजोबा कट्टर काँग्रेसवाले. का म्हणून विचारलं, तर तात्या म्हणाले, "मालक, बैल तुमचे हायती. इळा माझा हाय."

ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून गोठ्यात बसून कितीदा तरी ऐकली. ते पायाच्या अंगठ्यात दावं धरून वळायचे आणि 'इळा माझा' म्हणताना हात थांबायचा. आजोबा त्यावर काय म्हणाले, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढं काँग्रेस फुटली, बैल गेले, गाय-वासरू आलं, मग हात आला. १९७७ ला बीडनं मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांड्यांना दिल्लीला पाठवलं. तात्यांचा मुलगा मोठा झाला तोवर गावोगाव शिवसेनेच्या शाखांचे बोर्ड लागत होते, तो तिकडं गेला. त्याचा धाकटा भाऊ गोपीनाथ मुंड्यांच्या मागं, कारण ऊसतोडीवाल्यांचं कुणीतरी बोलतंय असं त्याला वाटलं. एका चुलीवर दोन पक्ष. २०२३ साली निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव अन् धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. थोरला जागचा हलला नव्हता, पक्षच हलला.

आणि आमच्या कट्ट्यावर पेन्शनर मंडळी म्हणतात, या लोकांना निष्ठा नाही, पाचशेच्या नोटेवर फिरतात. हे म्हणणाऱ्यांनी किती पुढाऱ्यांचे, किती पक्षप्रवेशाचे हार स्वतः आणून दिलेत, ते मला माहीत आहे. निष्ठेचा हिशेब कोयतेवाल्यांकडेच का मागायचा?

तात्यांचा नातू दरवर्षी बायकोला घेऊन कोल्हापूरकडं ऊस तोडायला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादम उचल देताना कोयते मोजतो, पुढारी मतं मोजतात. २०२४ ला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू, विधानसभेचं मतदान २० ला. एका उमेदवारानं फडावर गाडी पाठवली. रातभर प्रवास करून दोघं आली, मत दिलं, दुपारी त्याच गाडीनं परत. निघताना चहाला दारात थांबली होती. मी हळूच विचारलं, कुणाला दिलं?

"काका, ज्याची गाडी व्हती त्याला न्हाई," असं म्हणून तो हसला. बायकोनं मात्र त्याच्याकडं असं काही बघितलं, की तिनं कुणाला दिलं हे विचारायचं मी टाळलं.