कोरड्या मुलखातली ओल: सोलापूरच्या आमच्या शिवारफेऱ्या

सोलापूरचा भुईकोट मी लहानपणापासून बघत आलेय. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावाहून सोलापूरला आलं की सिद्धेश्वराचं दर्शन आणि किल्ल्यातली बाग ठरलेलीच. पण कॉलेजच्या पहिल्याच सहलीत सरांनी किल्ला दाखवला तो तटावरून नव्हे, खंदकाच्या बाजूनं. "आधी पाणी कुठनं यायचं ते शोधा, मग राजे-सुलतान," म्हणाले. बहमनी काळातला हा किल्ला सिद्धेश्वर तलावाला अगदी खेटून का बांधला, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या पुढाकारानं इथं तलाव झाला. त्याच्याच आधारानं पुढं शहर वाढलं, किल्ल्याचा खंदकही भरला. १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं किल्ला घेतला, हे पुस्तकात होतंच. तलाव आणि खंदक यांची सांगड मात्र जागेवर उभं राहिल्यावरच कळली.

त्यानंतर नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. अभयारण्य म्हटल्यावर वर्गातल्या निम्म्या मुलींच्या डोळ्यांसमोर झाडी होती. गाडीतून उतरलो तर समोर नुसतं गवत. डिसेंबरातलं, वाळून सोनेरी झालेलं, त्यात कुठंकुठं बोरी, हिवर आणि खुरट्या बाभळी.

सरांनी सगळ्यांना खाली बसवून माती उकरायला लावली. वीतभरसुद्धा नाही, खाली लगेच मुरूम. आपल्याकडं पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. मुरमात पाणी टिकत नाही, म्हणून माळावर मोठी झाडं दाटीनं वाढत नाहीत. गवताला तेवढं पुरतं. पावसात वाढतं, बी टाकतं आणि मोकळं होतं. तोच पाऊस सखल भागातल्या खोल काळ्या मातीत मुरला की त्या ओलीवर अख्खी रब्बीची ज्वारी उभी राहते. वर पाण्याचा थेंब नसताना कणीस भरतं ते या साठलेल्या ओलीच्या जिवावर. मालदांडी ३५-१ हे नावाजलेलं वाण आमच्या मोहोळलाच निवडलं गेलं, हेही मला त्या दिवशीच कळलं. घरी वर्षभर तीच भाकरी खाते मी!

मग गवतं. पवन्या, मारवेल, कुसळी. एरवी कुसळ म्हणजे सलवारीत घुसून टोचणारी ब्याद. सरांनी एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं पाणी दोन थेंब सोडलं. क्षणभर काही नाही, आणि मग त्याचा पीळ उलगडायला लागला. टोकाला बी, मागं लांब काळपट शेपूट, आणि ते शेपूट घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरतंय. ओलं झालं की पीळ सुटतो, सुकलं की पुन्हा बसतो आणि या फिरण्यानं बी मातीत शिरत जातं. म्हणजे पहिला पाऊस पडला की गवत स्वतःच स्वतःची पेरणी करतं. आम्ही सगळ्या जणी तळहात पुढं करून रांगेत उभ्या राहिलो. वनस्पतिशास्त्र घेतल्याचा मला इतका आनंद आधी कधी झाला नव्हता.

माळढोक दिसला नाही. आता तो इथं दिसणं फारच दुर्मीळ झालंय. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते त्याच्याचसाठी, आणि तेही ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. आपल्याच जमिनीचे व्यवहार अडकल्यावर लोकांचा पक्ष्यावरच राग निघाला. पुढं हद्द कमी करून ती सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. मला यात शेतकऱ्यांची बाजू पटते आणि पक्ष्याचीही. मादी एका खेपेला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. लांबवर नजर पोचेल असा मोकळा माळ हीच तिची राखण. त्यामुळं पडीक रान म्हणून माळावर झाडं लावणं म्हणजे तिचं घर मोडणं, हे सरांचं म्हणणं मला पूर्ण पटलंय. हौसेनं वृक्षारोपण करणाऱ्यांनी एकदा तरी नान्नजला यावं. काळवीटांचा कळप मात्र मनसोक्त बघायला मिळाला. पुढं पिळदार शिंगांचा काळा नर, मागं पिंगट माद्या, आणि वर गवतालगत तरंगत फिरणारा भोवत्या हा शिकारी पक्षी.

परतीच्या वाटेवर मेंढरं घेऊन एक आजोबा भेटले.

"काय हुडकायलाव गं पोरींनो?"

"माळढोक, आजोबा."

"आमच्या बापाच्या टायमाला हुता की. आता गवत ऱ्हायलं कुठं? खाली समदा ऊस झालाय."

एवढं बोलून ते मेंढरांमागं निघूनही गेले. मी ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलंय.

हत्तरसंग कुडलची फेरी इतिहासाच्या मॅडमबरोबर झाली. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीनेच्या संगमावर. नदीपलीकडं कर्नाटक. हरिहरेश्वर मंदिराचा गोल, वरून उघडा स्वर्गमंडप बघून मान दुखली आणि बहुमुखी शिवलिंगापुढं तर सगळे गप्पच झालो. एका दगडात ३५९ मुखं कोरलेली! मोजायचा प्रयत्न करू नका, जवळ जाऊन एकेका चेहऱ्याची ठेवण बघा.

पण माझा जीव अडकला तो तिथल्याच संगमेश्वर मंदिराच्या तुळईवरच्या लेखात. शके ९४०. त्यात ७८ मिळवले की १०१८ येतं. आपल्याला ठाऊक असलेल्या सगळ्यात जुन्या मराठी शिलालेखांपैकी हा एक. तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी. त्यांनी आयुष्यभर जिल्ह्यातले लेख शोधून वाचले. मॅडमनी बॅटरी तिरकी धरली तेव्हा अक्षरं उठून दिसायला लागली. समोरून उजेड टाकला की ती पुसट होतात, बाजूनं टाकला की खाचेत सावली पडते. हजार वर्षांपूर्वीचा तो टाकीचा घाव इतक्या जवळून बघताना अंगावर काटा आला.

निघताना मॅडम म्हणाल्या, "आपापल्या गावातले पार नीट बघून या."

मी बघितला. आमच्या मारुतीच्या देवळाशेजारी शेंदूर थापलेला एक दगड आहे, ज्याला आम्ही नुसतंच नारळ फोडत आलो. तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड निघाला! सगळ्यात वर सूर्य-चंद्र, त्याखाली शिवलिंगाची पूजा, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा. लढाईची चौकट मातीत गाडली गेलीय. टेपनं मापं घेतली, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढले आणि मॅडमना पाठवले. दगडावर लेख आहे का, ते खालची बाजू मोकळी झाल्याशिवाय कळायचं नाही. त्यासाठी पुजारीकाका आणि सरपंच दोघांशी बोलणं झालंय. शेंदूर खरवडायचा नाही, या अटीवर दोघांनीही होकार दिलाय.