तुम्ही विचारलंत म्हणून : कबरही उरली नाही, मग दोन नोव्हेंबरला गावी कशासाठी जाता?

दिवाळीच्या आगेमागे मी विरारला जाण्याची तयारी करू लागलो की कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच. कधी सोसायटीतले शेजारी, कधी जुने सहकारी, गेल्या वर्षी तर सूनबाईंनीच विचारला. प्रश्न रास्त आहे. २ नोव्हेंबर हा आम्हा कॅथलिकांचा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी माणसे आपापल्या कबरी धुतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि फादर येऊन कबरींना आशीर्वाद देतात. माझ्या आईची कबर पुण्यात आहे, गावच्या घराला कुलूप आहे, आणि वडिलांना गावी पुरले असले तरी त्यांची कबर आता तिथे नाही. तेव्हा आईच्या कबरीचे काम धाकट्या भावावर सोपवून मी पहाटेच्या गाडीने दादर गाठतो, तिथून विरार लोकल आणि पुढे बस पकडतो, ते नेमके कशासाठी? आजवर मी ‘सवय झाली आहे’ असे सांगून वेळ मारून नेली. तुम्ही मनापासून विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

आमचे गाव विरारच्या पश्चिमेला, आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात चूक आमच्या घरची आहे आणि तिकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. आम्ही वसईकर चर्चला देऊळ म्हणतो. पुण्यात आल्यावर सुरुवातीला ‘देवळात जाऊन येतो’ असे म्हटले की शेजारी ‘कोणत्या, चतुःशृंगीला का?’ असे विचारत. तेव्हापासून पुण्यात मी चर्चला जातो आणि विरारला उतरलो की देवळात.

लहानपणी त्या देवळाने आमच्या घराचे घड्याळ चालवले. पहाटेच्या, दुपारच्या आणि सांजेच्या घंटेला आजी हातातले काम ठेवून उभी राही. कोणी गेले तर घंटा तुटक, एकेक टोला थांबून वाजे, आणि वाडीत केळीला पाणी लावणारी माणसे पाट तसाच सोडून कोण गेले असेल याचा अंदाज बांधत. घंटेवरून आठवले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर इकडच्या देवळांतल्या अनेक घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही आहेत. आमच्या देवळाचा त्या घंटांशी संबंध असल्याचा कसलाही पुरावा नाही. आजी मात्र भीमाशंकरची घंटा आपलीच असे बजावून सांगे, आणि ती परत मागावी असे तिला कधी वाटले नाही, कारण तिच्या मते घंटा देवळातून निघून देवळातच गेली होती.

त्या काळी बायका डाव्या बाजूला आणि पुरुष उजव्या बाजूला बसत. माझे शाळेचे वय होईपर्यंत व्हॅटिकनची दुसरी धर्मसभा, म्हणजे जगभरच्या बिशपांची बैठक (१९६२ ते १९६५), उरकली होती, लॅटिनऐवजी मराठीतून मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, होऊ लागली होती आणि आजवर वेदीकडे तोंड करून उभे राहणारे फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले होते. लाल चौकड्यांच्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेली आजी या बदलावर नाखूश होती. लॅटिन मिस्सा चाले तोवर तिची रोझरी, म्हणजे मण्यांची जपमाळ, निवांत पूर्ण होई. ‘आता फादरचे तोंड दिसते, म्हणजे त्यालाही आमचे दिसते’ ही तिची तक्रार होती.

वडील कधीच बाकावर बसले नाहीत. उजव्या बाजूच्या दारालगत एक खिडकी आहे, तिच्या गजाला छत्री अडकवून ते उभे राहत. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतला प्रसाद, घेतले की त्याच दाराने बाहेर पडत, कारण सोनचाफ्याच्या पुड्या दादरच्या फुलबाजारात वेळेवर पोचल्या नाहीत तर दुपारनंतर त्या फुलांना कोणी विचारत नाही. छत्रीच्या दांड्याने त्या गजावरचा हिरवा रंग बोटभर लांबीत खरवडला गेला होता आणि आतले लोखंड दिसे. प्रवचन लांबले की मी त्या खुणेकडे बघत बसे. पुढे देवळाला निदान दोनदा रंग लागला आणि खूण बुजली, ते योग्यच झाले.

वडील १९९९ साली गेले. मुंबई आणि आसपासच्या पुष्कळ धर्मग्रामांत, म्हणजे एकेका देवळाखालच्या वस्त्यांत, जागा अपुरी असते, म्हणून कबर कायमची मिळत नाही. ठरावीक वर्षांनी ती उकरून दुसऱ्याला देतात, आणि घरच्यांनी इच्छा दाखवली तर अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून वर नावाची फरशी बसवतात. नाही तर त्या सगळ्यांच्या अस्थींत मिसळतात. मुदत संपत आल्याची सूचना देवळाच्या फलकावर लागली होती आणि रविवारी वाचूनही दाखवली होती, असे मला नंतर कळले. आम्ही दोघे भाऊ पुण्यात नोकऱ्यांत गुंतलेले, आई माझ्याकडे. कोणी गेले नाही, कोणी विचारले नाही. दोन वर्षांनी एका लग्नासाठी गावी गेलो तेव्हा त्या जागेवर दुसऱ्याच नावाचा क्रूस उभा होता. आईला मी बरेच दिवस सांगितले नाही. सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘तिथेच आहेत ना, मग झाले.’ तिला झाले असेल, मला ते जमले नाही, आणि पुढची काही वर्षे मी त्या रस्त्याला जाणेच टाळले.

पुन्हा जावे लागले ते सातबाऱ्यामुळे. २०१६ साली आई गेल्यावर वाडीवर वारसांची नावे लावायची होती. वडिलांचे नाव सातबाऱ्यावर घरगुती हाकेचे आणि शाळेच्या दाखल्यावर निराळे, दोघे एकच हे दाखवायला जुना कागद हवा होता. आमच्याकडे अशा वेळी माणूस देवळाची वही गाठतो. बाळाच्या स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) आणि लग्नाची नोंद ठेवलीच पाहिजे असे ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली ठरवून दिले. सरकारी जन्मनोंद ज्या काळी सर्रास होत नसे, त्या काळातल्या माणसाच्या जन्माचा खात्रीचा पुरावा पुष्कळदा त्या वहीतच सापडतो.

कचेरीतल्या बाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि त्यावर १९३४ सालची वही उघडली. हातभर लांब, पाठीला कापडाची पट्टी डकवलेली, कडांना वाळवीने कुरतडलेली, पण शाई अजून काळीभोर. वडिलांची नोंद लॅटिनमध्ये होती. मग माझा उत्साह पाहून बाईंनी आणखी दोन वह्या काढल्या. आजोबांची नोंद पोर्तुगीजमध्ये निघाली, कारण १९२८ पर्यंत आमचा भाग दमणच्या धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या हाताखाली, होता आणि त्यानंतर तो मुंबईकडे आला. माझी नोंद इंग्रजीत. घरात मात्र आम्ही तिघेही एकमेकांशी आमची सामवेदी बोली बोलत होतो, आणि तिघांच्याही नोंदीत ती कुठे नाही.

पानाच्या समासात एक रकाना असतो, त्याची मला कल्पना नव्हती. माणूस जगात कुठेही लग्न करो, तिथले फादर त्याच्या स्नानसंस्काराच्या देवळाला कळवतात आणि इथे मूळ नोंदीच्या शेजारी ते लिहून ठेवतात. हा चर्चचा कायदाच आहे. आधीचे लग्न लपवून कोणी दुसऱ्या गावी उभा राहू नये, हा त्यामागचा साधा हिशेब. माझे लग्न पुण्यात झाले, मुलांचे स्नानसंस्कार पुण्यात झाले आणि माझ्या समजुतीप्रमाणे गावचे देऊळ मी कॉलेजात गेलो तेव्हाच सुटले होते. पण माझ्या नावासमोर माझ्या लग्नाची तारीख, बायकोचे नाव आणि पुण्याच्या देवळाचे नाव कोणीतरी बारीक अक्षरांत टिपून ठेवले होते. मी गेलो नव्हतो त्या काळातही मी त्या पानावर हजर होतो.

आणि वडिलांच्या नोंदीत धर्मपित्याच्या, म्हणजे स्नानसंस्काराला बाळाला धरणाऱ्याच्या, रकान्यात जे नाव होते ते वाचून मी बाईंना पुन्हा वाचायला लावले. ते आमच्या शेजारच्या वाडीवाल्या आजोबांचे होते. त्या घराशी आमचे बोलणे माझ्या जन्माच्या आधीपासून बंद होते. भांडण बांधाचे. बांध हातभर आमच्याकडे सरकवला असे आमचे म्हणणे, पाट आम्ही वळवला असे त्यांचे. विहिरीवर दोन्ही घरच्या बायका एकमेकींची पाळी संपेपर्यंत लांब थांबत, आणि नाताळात रुमाल झाकलेले ताट आमच्याकडून त्यांच्याकडे कधी गेले नाही. ज्या माणसाने माझ्या वडिलांना दोन्ही हातांवर धरून वेदीपाशी नेले, त्याच्या मयताला वडील गेले होते की नाही, हे आता मला सांगणारे कोणी नाही. एवढे आठवते की त्या घरची घंटा वाजली तेव्हा वडील वाडीतून लवकर परतले होते आणि त्या रात्री जेवले नव्हते. पोट बिघडले असेल असे आई म्हणाली होती.

दाखला घेऊन मी बाहेर पडलो. महिना ऑक्टोबरचा होता. दोन आठवड्यांनी, म्हणजे २ नोव्हेंबरला, मी पहिल्यांदा ठरवून गेलो आणि तेव्हापासून जातो. ज्यांच्या माणसांची कबर उरलेली नाही ते दफनभूमीच्या मध्यावरच्या मोठ्या क्रूसाखाली मेणबत्त्या लावतात. वाटले होते त्यापेक्षा तिथे बरीच गर्दी असते. त्या पायरीवर गेलेल्यांची नावे लिहिलेली नसतात, म्हणून प्रत्येक जण आपली मेणबत्ती लावून थोडा वेळ तिच्याशीच उभा राहतो, वाऱ्याने विझली तर पुन्हा लावतो.

पहिल्याच वर्षी माझी काडी तिसऱ्यांदा विझली तेव्हा शेजारून एका माणसाने आपली पेटती मेणबत्ती पुढे केली. शेजारच्या वाडीवाल्यांचा नातू, माझ्याच वयाचा. शाळेत आम्ही एका वर्गात होतो आणि एका बाकावर कधी बसलो नव्हतो. त्याच्या आजोबांचीही कबर कधीच गेलेली होती. मी त्याला वहीतल्या नोंदीचे सांगितले. त्याला ते ठाऊक नव्हते. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘म्हणजे तुझे वडील आमच्या घरचेच की.’ मी हो म्हणालो. आता दरवर्षी जो आधी पोचतो तो पायरीवर दोन मेणबत्त्यांची जागा धरून ठेवतो, आणि आशीर्वाद झाला की मी त्याच्याकडे चहा घेऊन संध्याकाळची लोकल पकडतो. गेल्या वर्षी चहा पिताना त्याने सहज विचारले की बांधाची सरकारी मोजणी एकदा करून घ्यायची का. पुढच्या वर्षी आलो की बघू, असे मी सांगून आलो आहे.