मागून कुणी येत नाही

आमच्या जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या घरात नळ सोडला की बोडेनझे सरोवराचं पाणी येतं. झिप्लिंगेन नावाच्या गावाजवळ सरोवराच्या पृष्ठभागाखाली सुमारे ६० मीटरवरून ते उपसतात आणि डोंगर ओलांडून पाइपांनी इकडे आणतात. १९५८पासून हे चालू आहे, आणि आज जवळपास ४० लाख लोक हे पाणी पितात. आई पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा पाण्याची चव बघून म्हणाली, "गोड आहे गं. आपल्याकडे खडकवासल्याचं, तसं तुमच्याकडे कुठलं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग ते बघायलाच हवं."

बघायचं सायकलवरून, हे मी ठरवलं. आईला ते पटवायला तीन आठवडे लागले.

आई आता ६७ वर्षांची आहे. लग्न होऊन ती कोल्हापूरहून पुण्याला आली आणि सदाशिव पेठेतून शिवाजीनगरच्या ऑफिसात सतरा वर्षं सायकलने गेली. लेडीज सायकल, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी, कॅरिअरला डबा, हँडलला पर्स. परत येताना मंडईतून भाजी घेऊन यायची. तेव्हाचं पुणं सायकलींचं शहर होतं हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, मी ते कॅरिअरवर बसून पाहिलेलं आहे. मग १९९६ साली एका संध्याकाळी एका टेम्पोने तिला कट मारला. फार लागलं नाही, कोपर सोलवटलं. पण त्या दिवशी ती सायकल हातात धरून चालत घरी आली आणि पुन्हा कधी तिच्यावर बसली नाही. महिन्याभराने ती सायकल आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला दिली. त्यानंतर आई रिक्षाने आणि बसने जात राहिली, आणि तिच्या बोलण्यात सायकल कधी आलीच नाही.

म्हणून मी 'सायकलने जाऊ' म्हटल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "गाड्या?"

खरं उत्तर असं आहे. बोडेनझेला, म्हणजे नकाशावरच्या कॉन्स्टन्स सरोवराला, पूर्ण वळसा घालणारा सायकलमार्ग साधारण २६० किलोमीटरचा आहे आणि तो जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जातो. त्याचा मोठा भाग सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठीच आहे. काही भाग शेतांतल्या वाटांवरून जातो, तिथे एखादा ट्रॅक्टर भेटतो. गावांमधून जाताना छोट्या गल्ल्या लागतात, तिथे गाड्या असतात पण हळू. आणि काही ठिकाणी शेजारून मोठा रस्ता वाहत असतो. मार्ग त्याच्यापासून वेगळा असला तरी आवाज येतो. संपूर्ण वाट बिनगाड्यांची आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण घाबरलेल्या माणसाला पुन्हा सायकलवर बसवायला जेवढी लागते तेवढी नक्कीच आहे.

आम्ही पूर्ण वळसा घेतला नाही. सरोवराचा वायव्येकडचा लांबट फाटा आणि पश्चिमेकडचा, 'खालचं सरोवर' म्हणतात तो भाग सोडून दिला. कॉन्स्टान्झहून निघायचं, फेरीबोटीने मेअर्सबुर्गला उतरायचं, उत्तर किनाऱ्याने पूर्वेला ब्रेगेन्झपर्यंत आणि दक्षिण किनाऱ्याने परत, असे पाच दिवस, रोज २५ ते ३० किलोमीटर. ही दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आहे आणि तीच घ्यावी. इथे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे पाणी सतत आपल्या बाजूला राहतं.

सायकली कॉन्स्टान्झलाच भाड्याने घेतल्या. आईसाठी मधला दांडा अगदी खाली असलेली, पाय न उचलता चढता येईल अशी, बॅटरीची. या सायकली पायडल मारलं तरच मदत करतात आणि ताशी २५ किलोमीटरनंतर मदत थांबते. कायद्याने ती सायकलच, लायसन्स वगैरे काही लागत नाही. दुकानाच्या मागच्या अंगणात सराव केला. शरीर विसरत नाही म्हणतात ते खरं. तिसऱ्या फेरीला तिची पाठ ताठ झाली. पण दोन गोष्टी तिला छळत होत्या. एक म्हणजे डावी बाजू. समोरून कुणी आलं की तिचं हँडल आपोआप डावीकडे वळायचं. आणि दुसरी म्हणजे तिची जुनी सवय. उतारावर पायडल उलटं फिरवत फ्रीव्हीलचा करकर आवाज काढत जायचं. इथल्या अनेक सायकलींना पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. तिने अंगणातच तसं केलं आणि सायकल जागच्या जागी थांबली. पडली नाही, पण चेहरा पांढरा पडला. तुम्ही आईवडिलांना घेऊन येणार असाल तर सायकल घेताना हे विचारून घ्या. उलट पायडलच्या ब्रेकशिवायच्या सायकलीही मिळतात. आम्हाला दुसरी मिळाली.

कॉन्स्टान्झ–मेअर्सबुर्ग फेरीबोट १९२८पासून चालते आणि रात्रंदिवस चालू असते. पाण्यावरचा प्रवास पाव तासाचा. बोटीवर आई सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. समोर द्राक्षांचे मळे, मागे आल्प्सवर जूनच्या सुरुवातीलाही बर्फ. "रंकाळ्याचा किती पट असेल?" तिने विचारलं. मी सांगितलं, लांबी ६३ किलोमीटर आणि सगळ्यात खोल जागी २५१ मीटर. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "फेरी मारायला पाच दिवस लागतात यातच आलं सगळं."

मेअर्सबुर्गहून हाग्नाऊपर्यंत मळ्यांतून वाट जाते. एका बाजूला द्राक्षांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला पाणी. तो सबंध पहिला दिवस आई दर अर्ध्या मिनिटाला मागे वळून बघत होती. मान वळली की हँडल वळायचं, सायकल वाकडी जायची. मी म्हटलं, "आई, मागून कुणी येत नाही." ती म्हणाली, "माहिती आहे गं." आणि पुन्हा वळून बघायची. संध्याकाळी तिची मान इतकी आखडली की मूव्ह लावून शेकावी लागली. तेव्हा मला कळलं की पुण्यातल्या सतरा वर्षांत ती पायांनी जेवढी सायकल चालवत होती तेवढीच कानांनी चालवत होती. हॉर्न कुठला, बस की ट्रक, किती जवळ आला, हे सगळं न बघता ओळखायचं. तो ताण आम्हा मुलांना कॅरिअरवर कधी कळला नाही.

फ्रीडरिश्सहाफेनला मुक्काम केला. इथेच २ जुलै १९०० रोजी पहिलं झेपेलिन, म्हणजे ते वायू भरलेलं, सिगारच्या आकाराचं अवाढव्य हवाईजहाज, सरोवरावर उडालं होतं. आजही त्याच जातीची छोटी जहाजं पर्यटकांना घेऊन डोक्यावरून संथ जातात. आईने सायकल थांबवून एक पूर्ण दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशीची वाट मला सगळ्यात जास्त आवडते. फ्रीडरिश्सहाफेनच्या पुढे एरिस्किर्शजवळ एक दलदलीची राखीव जागा आहे, तिथे मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यांत जांभळ्या आयरिसची फुलं हजारोंनी उमलतात. त्यानंतर सफरचंदाच्या बागा सुरू होतात, त्या संपतच नाहीत. मग आर्गेन नदीवरचा जुना झुलता पूल येतो. १८९८ साली पुरा झाला, दोन्ही टोकांना दगडी कमानी, वरून जाड तारांचे दोर. पूर्वी त्यावरून गाड्या जात. आता शेजारी नवा पूल आहे आणि हा जुना फक्त सायकली आणि पादचाऱ्यांसाठी ठेवला आहे. आई पुलाच्या मधोमध उतरली, कठड्याला सायकल टेकवली आणि शेजारच्या पुलावरून जाणाऱ्या गाड्या बघत उभी राहिली. "म्हणजे गाड्यांसाठी वेगळा बांधला आणि जुना, चांगला तो आपल्याला दिला?" मी हो म्हटलं. जुने पूल नुसते पाडायचे किंवा गाड्यांनाच द्यायचे असं नसतं, हे तिला खूप महत्त्वाचं वाटलं. त्यावर ती जेवताना पुन्हा बोलली. जेवण म्हणजे केस्श्पेट्सले, चीज घातलेल्या जाड शेवयांसारखा पदार्थ, आणि आम्ही नेलेल्या दशम्या. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. पण शेंगदाण्याच्या चटणीची एक डबी जवळ असू द्या.

तिसऱ्या दिवशी लिंडाऊ ओलांडून ऑस्ट्रियात शिरलो. लोखाऊ ते ब्रेगेन्झ या पट्ट्यात एका बाजूला फेंडर डोंगर अगदी अंगावर आलेला, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत रस्ता, रेल्वे आणि किनाऱ्याची वाट. स्थानिक लोक या पट्ट्याला 'पाइपलाइन' म्हणतात, कारण इटलीहून जर्मनीला तेल नेणारी वाहिनी इथून गेली होती. तेल बंद झालं, नाव राहिलं. इतक्या अडचणीच्या जागेतही त्यांनी भर घालून किनारा रुंद केला आणि पायी चालणाऱ्यांची व सायकलींची वाट वेगळी केली. जागा नाही, हे कारण मी आपल्याकडे इतक्या वेळा ऐकलं आहे की मला तिथे थांबून तो किनारा नीट बघावासा वाटला.

आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की आई मागे बघत नाहीये. नक्की कधीपासून ते मला सांगता येणार नाही. ती माझ्या पुढे होती, ओढणी कमरेला गुंडाळलेली, आणि काहीतरी गुणगुणत होती. मागून घंटी वाजली. एक आजोबा वेगात आले, ती न दचकता उजवीकडे झाली, ते हात उंचावून पुढे गेले. तिनेही हात उंचावला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने पुन्हा मागे बघितलं असतं.

चौथा दिवस ऱ्हाइनच्या मुखाचा. सरोवरात शिरण्याआधी ऱ्हाइन पूर्वी वेड्यावाकड्या वळणांनी यायची आणि पुराने गावं बुडवायची. १८९२ साली ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने करार करून तिला सरळ वाट खोदून दिली, आणि १९००मध्ये पाणी फुसाखकडच्या नव्या पात्रातून सोडलं. नदी इतका गाळ आणते की दोन्ही काठांचे बांध सरोवरात आत आतपर्यंत वाढवत न्यावे लागले आहेत. आजूबाजूला सपाट गवताळ रान आणि पाणपक्षी. जुनं पात्र अजून आहे, आणि गाइसाऊ गावाजवळ ते ओलांडलं की तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये. आईचा शेंगेन व्हिसा तिन्ही देशांत चालतो, पण पासपोर्ट जवळ ठेवावा. एक मजेची गोष्ट म्हणजे बोडेनझेच्या मोठ्या, मुख्य भागात या तीन देशांची सीमा पाण्यावरून नेमकी कुठून जाते हे आजपर्यंत कराराने ठरलेलंच नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही.

स्विस बाजूला लाल पाट्या असतात, त्यांवरचा २ आकडा धरून जायचं. रोर्शाख, आर्बोन, रोमान्सहोर्न. रोमान्सहोर्नच्या पुढे वाट बराच वेळ रेल्वेच्या रुळांना अगदी चिकटून जाते. इथे हॉटेलं महाग आहेत, पण गावोगावी पिण्याच्या पाण्याचे दगडी हौद आहेत, बाटली भरून घ्यायला पैसे पडत नाहीत. त्या दिवशी दुपारभर समोरून वारा होता आणि मी साध्या सायकलवर दमले होते. बॅटरीवाली आई पुढे जाऊन झाडाखाली थांबायची, मी पोचले की पाण्याची बाटली पुढे करायची. मला शाळेत सोडताना चढावर ती अशीच थांबायची, फक्त तेव्हा मी कॅरिअरवरून उतरून चालत असायचे.

क्रॉइट्सलिंगेन आणि कॉन्स्टान्झ ही एकाला एक लागलेली दोन देशांची दोन गावं. मध्ये पूर्वी जाळीचं कुंपण होतं. ते २००६ साली काढलं आणि त्या रेषेवर उंच धातूची शिल्पं उभी केली. २०२०च्या वसंतात साथीच्या दिवसांत तिथे पुन्हा जाळ्या लागल्या, एकीतून हात लागतो म्हणून दुसरीही, आणि दोन्ही बाजूंची घरचीच माणसं त्यांच्या आरपार एकमेकांशी बोलत उभी राहत. आता काही नाही. आई दोन शिल्पांच्या मधून सायकल न थांबवता जर्मनीत गेली.

जायचं असेल तर मेअखेर ते जूनचा मध्य किंवा सप्टेंबर धरा. जुलै–ऑगस्टमध्ये या वाटेवर इतकी गर्दी असते की नवशिक्या माणसाला गाड्यांऐवजी सायकलींची भीती वाटेल. शनिवार-रविवार मुक्काम करा, सायकल चालवू नका. आणि अंतराचा हट्ट नको. कंटाळा आला तर सायकलसकट बोटीत किंवा रेल्वेत बसता येतं.

सायकली परत करताना दुकानदार कागद बघत होता. आईने तेवढ्यात ओढणीच्या टोकाने हँडल पुसलं, मग सीट, मग मागचं मडगार्ड. स्टँडवर नीट लावून पुढचं चाक जरा वळवून ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली सवयीने पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. ती परत मागून घ्यावी लागली.

"द्यायची होय," ती म्हणाली, आणि शोधायला लागली.