खग्रास ग्रहणासाठी व्हर्मांट: ढग, रस्ते आणि साडेतीन मिनिटं

८ एप्रिल २०२४ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा, म्हणजे सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो तेवढी चिंचोळी जागा, मेक्सिकोतल्या माझात्लानला जमिनीवर आला आणि टेक्सास, इंडियाना, ओहायो, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, व्हर्मांट, मेन असा तिरका कॅनडात निघून गेला. आम्ही न्यू जर्सीत राहतो. तिथं घराच्या अंगणातूनच जवळपास नव्वद टक्के ग्रहण दिसणार होतं, त्यामुळे "एवढं दिसतंय तर पाचशे किलोमीटर कशाला जायचं?" हे ओळखीच्या प्रत्येकानं विचारलं. पुढच्या ग्रहणाला तुम्हालाही हेच विचारतील, म्हणून त्याचं उत्तर आधी.

सूर्याचं तेज पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट असतं. नव्व्याण्णव टक्के सूर्य झाकला गेला तरी उरलेला एक टक्का त्या चंद्राच्या चार हजार पट उजळ राहतो. सूर्याभोवतीचं प्रभामंडल मात्र फार तर पौर्णिमेच्या चंद्राइतकं तेजस्वी. शेवटचा किरण विझेपर्यंत ते दिसणं शक्यच नाही. तेव्हा नव्व्याण्णव आणि शंभर यांत एका टक्क्याचा फरक नाही; पट्ट्याच्या बाहेर राहिलात तर तुम्ही दुसरीच गोष्ट बघून घरी येता. खर्च करून जाणारच असाल तर पट्ट्याच्या आत जा.

आत म्हणजे कुठं, हा खरा प्रश्न. सगळे जण मध्यरेषेवरचे सेकंद मोजत बसतात. या ग्रहणात सर्वांत लांब खग्रास अवस्था मेक्सिकोत, ४ मिनिटं २८ सेकंद होती. टेक्सासमधल्या डॅलसला पावणेचार मिनिटांच्या वर, व्हर्मांटमध्ये साडेतीनच्या आसपास. माझं मत स्पष्ट आहे: सेकंद तिसऱ्या नंबरला. पहिला नंबर ढगांचा, दुसरा रस्त्यांचा.

एप्रिलमधलं पूर्वीच्या वर्षांचं आभाळ बघितलं तर मेक्सिको उत्तम, टेक्सास बरं आणि व्हर्मांट सर्वांत वाईट, कारण त्या दिवसांत तिथं आभाळ बहुतेक भरलेलंच असतं. म्हणून आमचंही आधी डॅलसचंच ठरलं होतं. मावसभाऊ तिथल्या उपनगरात राहतो, विमानाची तिकिटं काढून झाली होती. पण त्याच वेळी न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्जजवळ दोन खोल्याही धरून ठेवल्या होत्या, आदल्या दिवसापर्यंत पैसे परत मिळतील अशा अटीवर. ग्रहणाच्या प्रवासात सगळ्यात उपयोगी पडते ती ही अट. मागच्या पन्नास वर्षांची सरासरी ठिकाणं निवडायला कामाची, पण त्या दिवसाचे ढग सरासरी विचारून येत नाहीत. चार दिवस आधी अंदाज उलटे झाले. टेक्सासवर ढग आणि संध्याकाळी वादळ, आणि व्हर्मांटवर उच्च दाबाचा पट्टा, निरभ्र. त्याच आठवड्यात तिथं वादळ येऊन ढीगभर बर्फ पडून गेला होता, तरीही. आम्ही विमान सोडलं आणि गाडी काढली.

अंदाज बघताना "अंशतः ढगाळ" असल्या चित्रांवर विसंबू नका. ढग कोणत्या थराचे आहेत ते बघा. खालचे दाट ढग असतील तर जागा बदला. फार उंचावरचे पातळ पांढरे पदर असतील तर घाबरायचं कारण नाही. आमच्याकडे दुपारी नेमके तसेच पदर सरकत आले. शेजारच्या गाडीतली मंडळी हवालदिल झाली, पण खग्रास अवस्थेत त्यांनी काहीही अडवलं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर, सिराक्यूजच्या लोकांवर मात्र खालचे ढग बसले. अंधार झाला, सूर्य दिसला नाही. डॅलसला ऐन वेळी ढग फाटले आणि भावालाही दिसलं. ऑस्टिनकडे अनेकांना तेवढं नशीब लाभलं नाही.

आमच्याबरोबर आई-बाबा होते. कोल्हापूरहून आलेले, अमेरिकेचा व्हिसा असलेले, कॅनडाचा नसलेले. नकाशावर माँट्रियल अगदी हाताशी दिसतं, ढग आले तर सीमेपलीकडे पळू असं वाटतं. आपल्या पासपोर्टवर ते जमत नाही. भारतातून आलेले पाहुणे बरोबर असतील तर पळायच्या वाटा सीमेच्या अलीकडे आखा. आम्ही शॅम्प्लेन सरोवराचे दोन्ही काठ धरले होते. पश्चिमेला न्यूयॉर्कचं प्लॅट्सबर्ग, पूर्वेला व्हर्मांटची बेटं, आणि मधे गाड्या नेणारी फेरीबोट. तिला पंधरा मिनिटांच्या आत पलीकडे जाता येतं.

आदल्या रात्री पट्ट्याच्या बाहेर राहणं फार फायद्याचं. आतल्या हॉटेलांनी भाव कितीतरी पट चढवले होते. दोन-अडीच तास अलीकडे नेहमीच्याच दरात खोली मिळाली. पहाटे पाचला निघालो, रस्ता मोकळा होता. आठ वाजता निघालेल्या मित्रांना आमच्याहून खूप जास्त वेळ लागला. पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरून ठेवा. नकाशे फोनवर उतरवून घ्या, कारण दुपारी नेटवर्क जवळजवळ मरतं. व्हर्मांट हे साडेसहा लाख वस्तीचं राज्य, तिथले मोबाइल टॉवर एवढ्या गर्दीसाठी नाहीतच. आणि एप्रिल म्हणजे तिथला चिखलाचा मोसम. बर्फ वितळून कच्चे रस्ते असे होतात की चाक रुततं ते निघत नाही. जीपीएसनं सुचवलेली आडवाट घेऊ नका, डांबरी रस्ता सोडू नका.

आम्ही साउथ हीरो बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर थांबलो. एका बागायतदारानं सफरचंदाच्या बागेशेजारचं गवताळ रान गाड्यांसाठी खुलं केलं होतं, गाडीमागे ठरावीक पैसे घेऊन. तिथं फिरती शौचालयं होती आणि तेवढ्यासाठीच ते पैसे वसूल झाले. वयस्कर माणसं बरोबर असतील तर जागा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा. समोर पाणी, पाण्यापलीकडे अ‍ॅडिरॉन्डॅकचे डोंगर. सूर्य दुपारी नैऋत्येला, क्षितिजापासून चाळीस अंशांवर असणार होता, आणि सावलीही त्याच दिशेनं येणार होती. नैऋत्य मोकळी मिळाल्यामुळे आम्हाला सूर्याबरोबर येणारी सावलीही दिसली. सूर्य कुठं असेल आणि सावली कुठून येईल, या दोन गोष्टी घरीच नकाशावर बघून ठेवा.

त्या दिवशी सोमवती अमावास्या होती. भारतात ग्रहण दिसणार नव्हतं, त्यामुळे तिथल्या पंचांगात वेध नव्हते, पण आई म्हणाली, "जिथं दिसतं तिथं पाळायचं." पहाटेच तिनं अंघोळ उरकली, डब्यांत तुळशीची पानं टाकली आणि मोक्षापर्यंत काही खाल्लं नाही. आम्ही कुणी वाद घातला नाही. बाबांना मधुमेह आहे, त्यांना मात्र तिनं स्वतःच दशमी खाऊ घातली. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास पट्टा कारवार, हुबळी, रायचूरवरून गेला, तेव्हा आई कोल्हापुरात होती. हुबळी चार-पाच तासांवर. घरातल्या सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, फटींत चादरी कोंबल्या होत्या, आणि बाहेर गल्लीतून "दे दान, सुटे गिराण" ऐकू येत होतं. तिला त्या दिवसाची तेवढी हाकच आठवते. हे तिनं गाडीत सांगितलं, आणि डॅलस सोडून आपण बरोबर दिशेला चाललोय ना, हे मी पुन्हा एकदा अंदाजात बघून घेतलं.

सव्वादोनला स्पर्श झाला. उजव्या खालच्या कडेला बारीकसा चावा. पुढचा तास-सव्वा तास लोकांना कंटाळा येतो, मुलं तर भंडावून सोडतात. त्यांच्यासाठी घरून बुंदीचा झारा न्या. जमिनीवर पांढरी चादर अंथरून झारा हातभर वर धरला की प्रत्येक भोकातून एकेक सूर्य चादरीवर पडतो. आमच्या लेकीच्या झाऱ्यातून सुरुवातीला कडेला चावा घेतल्यासारख्या चकत्या पडल्या, मग कोरी, मग अगदी नखाएवढ्या कोरी. आजूबाजूची अमेरिकन मुलं रांग लावून तो झारा धरायला आली.

चष्मा आयएसओ १२३१२-२ या सूर्य बघायच्या चष्म्यांच्या मानकाचाच घ्या, खात्रीच्या विक्रेत्याकडून, महिनाभर आधी. दिव्याकडे बघून तपासा: चष्म्यातून घरातला दिवा दिसता कामा नये. दुर्बिणीला फिल्टर लावायचा तो पुढच्या, सूर्याकडच्या भिंगावर. कागदी चष्मा डोळ्यावर ठेवून दुर्बिणीतून सूर्य बघितला तर डोळा जाईल, हे मुलांना दहा वेळा सांगा. आणि उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: खग्रास अवस्थेत चष्मा काढायचाच असतो. तेव्हा तो ठेवलात तर समोर फक्त काळोख. चंद्राच्या कडेवरचा प्रकाशाचा शेवटचा मणी विझला की काढा, पलीकडून पहिला ठिपका चमकला की लावा.

तीन वाजल्यापासून उजेड बदलला. संध्याकाळसारखा पिवळा होत नाही तो. रंग निघून जातात आणि सावल्यांच्या कडा धारदार होतात. माझ्या हाताच्या सावलीत केसन् केस वेगळा दिसत होता. गारठा वाढला, स्वेटर चढले. सूर्याच्या उजवीकडे खाली शुक्र आधीच लखलखायला लागला होता. मग डोंगरांवरून काळोख आला. तासाला चार हजार किलोमीटरहून जास्त वेगानं येणारी ती सावली पाणी ओलांडताना डोळ्यांना दिसते, आवाज मात्र काहीच नसतो, आणि अंगावर काटा येतो तो यामुळेच.

३ वाजून २६ मिनिटांनी शेवटच्या किरणाची ती हिऱ्याची अंगठी चमकली आणि विझली. मी ओरडले, "आई, चष्मा काढ!" वर काळी तबकडी, भोवती चहूबाजूंनी पसरलेल्या पांढऱ्या तंतूंचं प्रभामंडल. सूर्य त्या वर्षी त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातल्या जोराच्या काळात होता, त्यामुळे ते एका बाजूला लांब न ओढता सगळीकडून भरलेलं होतं. खालच्या कडेला गडद गुलाबी ठिणगी, साध्या डोळ्यांनी दिसणारी: सूर्यावरची ज्वाला, पृथ्वीहून कितीतरी मोठी. डावीकडे वर गुरू. क्षितिजावर सगळ्या दिशांना केशरी पट्टा, जणू चारी बाजूंनी सूर्य मावळलाय. आई हात जोडून उभी होती, पण डोळे मिटलेले नव्हते. ती एकटक वर बघत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. बाबा नुसतं "अगं, अगं" म्हणत राहिले.

फोटोंबद्दल माझा सल्ला कठोर आहे: पहिल्या ग्रहणाला कॅमेरा घरी ठेवा. उत्तम फोटो हजारो लोक काढतात, ते तुम्हाला संध्याकाळी बघायला मिळतील. त्यापेक्षा फोन एका दगडाला टेकवून आपल्या माणसांकडे वळवा आणि व्हिडिओ चालू करून विसरून जा. आमच्याकडे आईचा तो चेहरा आहे, आणि लेकीचा "परत, परत" असा आवाज.

उन्मीलन झाल्या झाल्या, म्हणजे सूर्य पुन्हा डोकावताच, लोक गाड्यांकडे धावले. धावू नका. व्हर्मांटमधून दक्षिणेकडे जाणारे महामार्ग त्या रात्री तासन् तास तुंबले होते. एरवी तीन-साडेतीन तासांत बोस्टनला पोचणारे लोक मध्यरात्रीनंतर पोचले. आम्ही मोक्षापर्यंत, म्हणजे साडेचारच्या पुढेपर्यंत, तिथंच बसलो. आईनं मग डबे उघडले: थालीपीठ, दही, तिखट-मिठाच्या पुऱ्या. फेरीची रांगही लांब होती, पण रात्रीची खोली पलीकडे प्लॅट्सबर्गलाच असल्यानं घाई नव्हती. खर्च करायचा तर आदल्या रात्रीवर नको, ग्रहणाच्या रात्रीवर करा. गर्दी परतीच्या वाटेवर असते तेव्हा आतली खोली मिळतेही सोपी.

दुसरा दिवस गुढीपाडव्याचा. आईनं खण, तांब्या आणि इंडियन स्टोअरमधला कडुलिंब बरोबर घेतला होता. मोटेलच्या व्हरांड्यात, छत्रीच्या दांड्यावर गुढी उभी राहिली आणि नऊच्या सुमाराला आम्ही मोकळ्या रस्त्यानं निघालो.

आता पुढचं. १२ ऑगस्ट २०२६ च्या स्पेनच्या ग्रहणाची अडचण म्हणजे मावळतीला टेकलेला सूर्य. तिथं पश्चिमेचं क्षितिज मोकळं असणं हीच पहिली अट. भारतातून जाणाऱ्यांना मी २ ऑगस्ट २०२७ सुचवेन. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास अवस्था, दुपारी एकच्या सुमारास, आणि ऑगस्टमध्ये तिथं ढग जवळजवळ नसतातच. तिथला शत्रू ऊन. तापमान चाळिशीच्या वर, सूर्य जवळपास डोक्यावर. आई-वडिलांना नेणार असाल तर दुपारी सावली, पाणी आणि आडवं होऊन वर बघता येईल अशी सतरंजी, हे आधी ठरवा. लक्सर महाग पडलं तर नाईलच्या काठानं उत्तरेला सोहाग आणि असियूत हीसुद्धा पट्ट्यातच आहेत. भारतातच बघायचं तर २१ मे २०३१ चं कंकणाकृती ग्रहण, म्हणजे चंद्राभोवती सूर्याचं कडं उरतं ते, केरळ-तमिळनाडूवरून जाईल. मेअखेरीस तिथं पावसाळी ढग जमू लागतात, तेव्हा घाटाच्या पूर्वेकडची कोरडी बाजू बघा. कंकणाकृतीत चष्मा शेवटपर्यंत काढायचा नाही. आणि २० मार्च २०३४ ला खग्रास पट्टा जम्मू-काश्मीर आणि लडाखवरून जाणार आहे, तेव्हा बर्फ असेल. लक्सरच्या खोल्या मात्र आत्ताच बघायला लागा, आणि पैसे परत मिळण्याची अट वाचूनच पैसे भरा.