रिटुक्सिमॅबआधीची राहून जाणारी चाचणी

लिम्फोमाच्या (लसिकापेशींच्या कॅन्सरच्या) पेशंटचा ‘एचबीएसएजी निगेटिव्ह’ रिपोर्ट (म्हणजे हिपॅटायटिस बीचा चालू संसर्ग दिसत नाही) पाहून निर्धास्त होऊ नका. हिपॅटायटिस बीची जुनी कावीळ बरी झाली तरी विषाणूचा डीएनए यकृताच्या पेशींत दडून राहतो. रिटुक्सिमॅब या लिम्फोमावरच्या औषधाने बी-पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या प्रतिकारपेशी) संपल्या की तो डोकं वर काढतो.

म्हणून पहिल्या डोसआधी अँटी-एचबीसी (हिपॅटायटिस बी कधी होऊन गेला का, हे सांगणारी रक्तचाचणी) हवीच. पुण्यात कुठल्याही लॅबला रक्त द्या, पण चिठ्ठीवर ‘टोटल’ लिहून घ्या. नुसत्या आयजीएममध्ये (ताज्या संसर्गाच्या अँटीबॉडी) जुना संसर्ग निसटतो. (इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी, दिल्यावर खोटी पॉझिटिव्हही येते.)

पॉझिटिव्ह आल्यास सहसा एन्टेकाविर (हा विषाणू दाबणारी गोळी) ०.५ मिग्रॅ रोज, उपाशीपोटी: जेवणानंतर दोन तासांनी, पुढच्या खाण्याआधी दोन तास. म्हणजे सकाळच्या चहा-पोह्यांसोबत नाही! किडनी अधू असेल तर डोस बदलतो.

खरी चूक पुढे होते. केमो संपली म्हणून गोळीही थांबवतात. रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर किमान १२ महिने ती चालूच हवी.